तीन समित्या, तीन अहवाल आणि पार्किंगचा एक तक्ता

प्रश्न थोडक्यात असा: मंदीतून शहराची बाजारपेठ सावरावी म्हणून नगरपालिकेने तीन समित्या नेमल्या आहेत. एक आर्थिक उभारीची, दुसरी शाश्वत प्रवासाची, तिसरी नगररचनेच्या नियमांत सुधारणा सुचवणारी. तिघींचे अहवाल तयार आहेत. पैसा मात्र इतका कमी की एकीच्याही मागण्या पुऱ्या होणार नाहीत. विचारणारे पहिल्यांदाच निवडून आले आहेत, आणि आधी कुठल्या अहवालाला हात घालावा हे त्यांना कळत नाहीये.

माझी 26 वर्षं नगररचनेत गेली, त्यातली पहिली 14 बांधकाम परवानगीच्या टेबलावर. माझा सल्ला असा: तिन्ही अहवाल शेजारी ठेवा आणि ‘पार्किंग’ हा शब्द जिथे जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करा. व्यापाऱ्यांनी ग्राहकांसाठी जादा पार्किंग मागितलेलं असेल. प्रवासवाल्यांनी लिहिलं असेल की बसला आणि सायकलला रस्त्यात जागाच उरत नाही, दोन्ही कडा उभ्या गाड्यांनी भरलेल्या असतात. नगररचनावाल्यांच्या अहवालात शेवटी कुठेतरी एक तक्ता असेल: कुठल्या वापराला किती चौरस मीटरमागे किती गाड्यांची जागा सोडायची याचा. तिघं एकाच जागेवर हक्क सांगताहेत, फक्त एकमेकांचे अहवाल त्यांनी वाचलेले नाहीत. तुम्ही त्या तक्त्यापासून सुरुवात करा. तो बदलायला निधी लागत नाही, ठराव लागतो.

हा तक्ता काय करतो ते एका फाइलवरून सांगतो. बाजारातल्या जुन्या इमारतीत तळमजल्याला 60 चौरस मीटरचा गाळा. आधीचं दुकान मंदीत बंद पडलेलं, शटरला गंज चढलेला. एकजण तिथे छोटं उपाहारगृह काढतो म्हणून अर्ज करतो. वापर बदलला की तक्त्यातली ओळ बदलते. दुकानाला 50 चौरस मीटरमागे एक गाडी, उपाहारगृहाला 10 मागे एक. म्हणजे सहा गाड्या. इमारत रस्त्याला चिकटून उभी, मागे बोळ, अंगण नाहीच. फाइलवर शेरा पडतो: ‘आवश्यक 6, उपलब्ध 0, सबब अमान्य.’ असे शेरे मी स्वतः लिहिलेत, आणि लिहिताना आपण काही वावगं करतोय असं मला एकदाही वाटलं नाही. नियमात बसत नव्हतं, विषय संपला. गाळा पुढे चार वर्षं बंद राहिला, एवढंच.

आता त्या सहा गाड्यांचं क्षेत्रफळ काढा. एका मोटारीचा आखलेला चौकोन साधारण 2.5 बाय 5 मीटर, म्हणजे 12.5 चौरस मीटर. पण चौकोनापर्यंत पोचायला समोर सहा मीटरचा मार्ग हवा, शिवाय उतार, वळण, खांब. सगळं धरून एका गाडीला 25 ते 30 चौरस मीटर लागतात. सहा गाड्यांना 150 ते 180. म्हणजे माणसांनी बसायची जागा 60 आणि त्यांच्या गाड्यांनी बसायची त्याच्या अडीच ते तीन पट. कुठलाही छोटा धंदा हे गणित सोडवू शकत नाही. सोडवतो तो मोठा विकासक, शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीवर. तिथे गाडीशिवाय जाता येत नाही, म्हणून तिथे गाड्या येतात, आणि त्या मोजून पुढच्या आवृत्तीत तक्त्यातला आकडा आणखी वाढतो.

हे आकडे येतात कुठून, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर लावून धरला. त्यांना सापडलं ते असं: अमेरिकी वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेच्या पुस्तिकेतली मोजमापं बहुतांशी उपनगरांतली, पार्किंग फुकट आणि बस जवळपास नाही अशा ठिकाणची, तीही गर्दीच्या वेळेची. काही आकडे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा पाहून काढलेले. बाकी शहरांनी शेजारच्या शहराचा तक्ता उतरवून घेतला. आमच्या विभागातला तक्ता कोणी, कधी, कशावरून ठरवला असं मी एकदा वरिष्ठांना विचारलं होतं. ‘आधीच्या नियमावलीतून घेतलाय,’ असं उत्तर आलं. त्याच्या आधीचा? तोही तसाच.

तक्त्यातली किमान पार्किंगची अट काढली तर कोणी पार्किंग बांधणारच नाही, अशी भीती सभागृहात हमखास निघते. अट काढलेल्या शहरांत काय झालं ते तेव्हा सांगता यायला हवं. लंडनने 2004 मध्ये किमान अट काढून तिच्या जागी कमाल मर्यादा आणली. आधी नव्या घरामागे सरासरी 1.1 गाडीची जागा बांधली जात होती, नंतर ती 0.63 पर्यंत उतरली. 40 टक्क्यांहून थोडी जास्त घट, पण शून्य नव्हे. अमेरिकेतल्या बफेलो शहराने 2017 मध्ये शहरभर अट काढली. त्यानंतरच्या मोठ्या प्रकल्पांपैकी जवळपास निम्म्यांनी जुन्या अटीपेक्षा कमी पार्किंग दिलं, उरलेल्यांनी तेवढंच किंवा जास्त. ज्याला गरज वाटली त्याने बांधलं. मेक्सिको सिटीनेही 2017 मध्येच हे केलं, आणि न्यूझीलंडने 2020 च्या राष्ट्रीय धोरणातून शहरांना किमान अटी काढून टाकायला लावल्या. जपानचा मार्ग आणखी वेगळा. तिथे 1962 च्या कायद्याने जबाबदारी गाडीवाल्यावर टाकली: गाडी ठेवायला जागा आहे याचा दाखला द्या, मग नोंदणी. मला व्यक्तिशः हा सगळ्यांत न्याय्य वाटतो, पण जिथे लाखो गाड्या आधीच रस्त्यावर रात्र काढतात तिथे तो आज आणता येईल असं सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही.

आता व्यापारी. त्यांची समजूत काढल्याशिवाय तुमचा ठराव मंजूर होणार नाही, आणि झालाच तरी वर्षभरात मागे घ्यावा लागेल. त्यांच्या भीतीची टर उडवू नका. दुकान त्यांचं आहे, नुकसान झालं तर त्यांचंच होणार आहे. पण त्यांचा अंदाज चुकतो, आणि एकाच बाजूला चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या एका खरेदीच्या रस्त्यावर 2006 मध्ये हे तपासलं गेलं. 41 टक्के ग्राहक मोटारीने येतात असं दुकानदारांना वाटत होतं. ग्राहकांना विचारल्यावर निघाले 22 टक्के. कारण साधं आहे. गाडीने आलेला ग्राहक आत शिरताच ‘गाडी कुठे लावू’ म्हणून कुरकुरतो. पायी आलेला आपल्या चपलांबद्दल तक्रार करत नाही. कुरकुर लक्षात राहते.

हे आकडे परगावचे म्हणून व्यापारी झटकून टाकतील, आणि त्यांच्या जागी मीही झटकले असते. म्हणून मोजणी तुमच्या रस्त्यावर करा, पण एक पथ्य पाळा. मोजणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक दुकानदाराकडून त्याचा अंदाज एका चिठ्ठीवर लिहून घ्या: पायी किती, बसने किती, दुचाकीने किती, मोटारीने किती. चिठ्ठ्या लिफाफ्यात घालून व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांकडेच ठेवायला द्या. मग दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुटीचा, दुकानांच्या दारात चार माणसं उभी करा. बाहेर पडणाऱ्याला तीनच प्रश्न: कसे आलात, महिन्यातून किती वेळा येता, आज साधारण किती खर्च केलात. दुसरा प्रश्न विसरू नका. मोटारीने येणारा एका खेपेत जास्त खर्च करतो हे बरेचदा खरं निघतं. पायी येणारा महिन्यातून किती चकरा मारतो ते धरलं की हिशेब बदलतो. पहिल्यांदा आम्ही हा प्रश्न विचारलाच नव्हता आणि व्यापाऱ्यांनी आमचाच अहवाल आमच्या तोंडावर मारला होता. दुसऱ्या वेळी लिफाफे भर बैठकीत उघडले. एका ज्येष्ठ व्यापाऱ्याने स्वतःची चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘अक्षर माझंच आहे.’ पुढची बैठक लोडिंगच्या वेळांवर झाली. मालाच्या टेम्पोला सकाळी जागा मिळत नाही, ही त्यांची खरी अडचण होती, आणि ती आम्हाला तोवर कोणी सांगितलीच नव्हती.

या विषयावर बोलताना कोणीतरी कुरिचिबाचं उदाहरण काढतंच, तेव्हा तेही सांगून टाकतो. ब्राझीलमधल्या या शहराचे महापौर जैमे लर्नर हे वास्तुविशारद. 1972 मध्ये त्यांनी शहराचा मुख्य बाजाररस्ता शुक्रवारी संध्याकाळी खोदायला घेतला आणि सोमवारपर्यंत तो फक्त पायी चालणाऱ्यांचा करून टाकला. व्यापारी कोर्टात जायच्या आत काम उरकायचं, हा हेतू त्यांनी लपवला नाही. पुढे विरोधातलेच व्यापारी ‘आमच्या भागातही करा’ म्हणायला आले, असं ते सांगत. मोटारवाले निषेध म्हणून रस्त्यात गाड्या घालणार असं कळलं, तेव्हा पालिकेने रस्त्यावर कागदाच्या लांब पट्ट्या अंथरल्या आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. गोष्ट झकास आहे, मीही भाषणात वापरलीय. फक्त लर्नर तेव्हा लष्करी राजवटीने नेमलेले महापौर होते. तुम्हाला पुन्हा मतं मागायची आहेत.

तुमच्या परिस्थितीला जवळचं उदाहरण स्टॉकहोमचं. तिथे 2006 च्या जानेवारी ते जुलै या काळात शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर आकार लावून पाहिला. मुदत आधीच जाहीर, आणि मुदत संपल्यावर सार्वमत. विरोध मोठा होता. पण हद्दीवरची वाहतूक सुमारे 20 टक्के घटली, लोकांनी ती रिकामी झालेली सडक डोळ्यांनी पाहिली, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने थोड्या मतांनी का होईना, होकार दिला. 2007 मध्ये आकार कायम झाला. तुमच्या ठरावातही ‘प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिन्यांसाठी’ हे शब्द घाला. फेरविचाराची तारीखही त्यातच लिहा.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण तुम्ही ती करायची शक्यता दाट आहे. एका ठिकाणी आम्ही बाजारभागापुरती किमान अट काढली आणि रस्त्यालगतचं पार्किंग होतं तसंच फुकट ठेवलं. नव्या धंद्यांना परवानग्या मिळाल्या, गाळे उघडले, आणि त्यांच्या ग्राहकांच्या गाड्या मागच्या रहिवासी गल्ल्यांत जाऊन उभ्या राहिल्या. लोकांच्या फाटकांसमोर. दोन महिन्यांत स्थानिक सदस्यांनी ठराव रद्द करवला, आणि तो विषय पुढची सहा वर्षं कोणी काढला नाही. आधी रस्ता, मग तक्ता, हा क्रम आम्हाला माहीत होता. घाई झाली.

रस्ता म्हणजे काय, तर रस्त्यालगतच्या जागेला भाव लावणं. शूप यांचा ठोकताळा सोपा आहे: जागा साधारण 85 टक्के भरलेल्या राहतील इतपत दर ठेवा, म्हणजे दर पट्ट्यात एखाद-दुसरी मोकळी सापडते आणि जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या कमी होतात. दर गर्दीनुसार बदला. दिव्यांगांच्या राखीव जागा आणि लोडिंगची वेळ आधी आखून घ्या, उरलेल्या जागेला भाव. पण खरी मेख दरात नाही, पैसा कुठे जातो त्यात आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहराच्या जुन्या बाजारपेठेत 1993 पर्यंत मीटर नव्हते आणि व्यापाऱ्यांना नकोही होते. शहराने शब्द दिला की मीटरचा पैसा याच रस्त्यांवर खर्च होईल. मग व्यापारीच राजी झाले. त्या उत्पन्नाच्या भरवशावर 50 लाख डॉलरचं कर्ज काढून पदपथ, दिवे, मागच्या बोळी नीट केल्या. मोडकळीला आलेला तो भाग पुढे शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या भागांपैकी एक झाला. तुमच्याकडे यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं लागेल. लेखाधिकारी नाराजीने सांगतील की सगळं उत्पन्न सर्वसाधारण निधीतच जमा व्हायला हवं. तिथे हटू नका. तो पैसा एकदा सर्वसाधारण निधीत विरघळला की व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो नुसता आणखी एक कर होतो.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमने तर कंपन्यांच्या आवारातल्या पार्किंगवर आकार लावला. 2012 पासून कर्मचाऱ्यांसाठी 11 किंवा जास्त जागा ठेवणाऱ्या मालकाला वर्षाला दर जागेमागे पैसे भरावे लागतात, आणि ते ट्रामसाठी व सार्वजनिक वाहतुकीसाठीच वापरले जातात. 2015 मध्ये ट्रामचे दोन नवे मार्ग सुरू झाले. उद्योग शहर सोडून जातील ही तिथलीही ओरड होती. त्यांचे कायदे वेगळे आहेत, तुमच्या नगरपालिकेला हा अधिकार असेलच असं नाही. पण पार्किंगच्या जागेचा पैसा बससेवेसाठी, हे सूत्र घेता येतं.

बस आणि सायकलबद्दल दोनच गोष्टी. नव्या बसगाड्या विकत घेण्याआधी असलेल्या बसना वेळेवर धावता येईल असा रस्ता द्या. बसची मार्गिका वेगळी करणारा रंग आणि खुंट यांचा खर्च एका बसपेक्षा कमी येतो. आणि सायकलमार्गाचा तुकडा बांधू नका. स्पेनमधल्या सेव्हियाने 2006 ते 2010 या काळात सुमारे 120 किलोमीटरचे, वाहनांपासून वेगळे आणि एकमेकांना जोडलेले मार्ग बांधले, त्यासाठी रस्त्याकडेच्या हजारो गाड्यांच्या जागा काढल्या, आणि जिथे सायकल जवळपास दिसत नव्हती तिथे ती रोजची झाली. चौकात येऊन संपणारा 400 मीटरचा मार्ग फक्त उद्घाटनापुरता असतो. पुढच्या वर्षी त्यावरच गाड्या उभ्या असतात आणि ‘सायकल कोणी चालवत नाही’ याचा पुरावा म्हणून त्याचा फोटो सभागृहात फिरतो.

तिसऱ्या समितीने नियमांत ‘सुलभीकरण’ सुचवलं असेल. शब्द चांगला आहे, पण कुठले नियम सोडायचे आणि कुठले धरून ठेवायचे यात गल्लत होऊ देऊ नका. इंग्लंडने दोन्ही करून पाहिलंय. 2020 च्या सप्टेंबरपासून तिथे दुकान, कचेरी, उपाहारगृह, दवाखाना, व्यायामशाळा यांना एकाच वापरगटात घातलं. एकातून दुसऱ्यात जायला नियोजन परवानगीच नको. आमच्या त्या 60 चौरस मीटरच्या गाळ्याला हवं होतं ते नेमकं हेच. पण त्याच देशाने 2013 पासून कचेऱ्यांची घरं करायला जवळजवळ मोकळीक दिली, आणि खिडकी नसलेल्या खोल्यांत लोक राहायला लागले. 2020 मध्ये नैसर्गिक उजेडाची अट नव्याने घालावी लागली, पुढच्या वर्षी किमान क्षेत्रफळाची. माझा निकष असा: जो नियम आत राहणाऱ्या माणसाच्या उजेडाला, हवेला, आगीपासूनच्या सुटकेला जपतो, त्याला हात लावायचा नाही. जो नियम गाडीच्या सोयीसाठी किंवा फाइलीच्या सोयीसाठी आहे, त्याला स्वतःचं समर्थन करायला लावायचं.

जास्त उंची, जास्त चटई क्षेत्र (म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम) हा मोठा विषय आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने 2016 च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायची मुभा दिली आणि पुढच्या वर्षांत घरबांधणी भरभरून वाढली. पण त्याला वर्षानुवर्षांची सुनावणी लागली. तुमच्या पाच वर्षांत तो तुम्ही सुरू करू शकाल, संपवू शकणार नाही. म्हणून पहिल्या वर्षात त्याला हात लावू नका.

येत्या आठवड्यात एकच काम करा. बांधकाम परवानगी विभागाकडून गेल्या तीन वर्षांत ‘पार्किंग अपुरे’ या शेऱ्याने अमान्य झालेल्या वापरबदलाच्या अर्जांची यादी मागवा. तयार यादी नसते असं सांगतील. आवक-जावक नोंदवहीवरून ती एका लिपिकाला दोन दिवसांत काढता येते, मी काढून घेतलीय. प्रत्येक अर्जासमोर गाळ्याचं क्षेत्रफळ, मागितलेला वापर, आणि तो गाळा आज उघडा आहे की बंद, एवढं लिहून घ्या. हा शेवटचा रकाना भरायला कोणालातरी प्रत्यक्ष जावं लागेल, तुम्हीच जा. मग त्या अर्जदारांना फोन लावा. काहींनी दुसरीकडे धंदा थाटला असेल, काही नोकरीला लागले असतील. दोन-चार जण मात्र अजून जागा शोधत असतात.